पान १७ वरचं ‘पुस्कत’

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेतल्या बाईंचं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात, आणि ‘बाई, मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे, एकेरीच बोला’ असंही लिहिलंय, म्हणून खाली सगळं अगं-तुगं आहे, वाचणाऱ्यांनी वेगळं वाटून घेऊ नये. पत्र चांगलं चार पानी आहे, थोडक्यात सांगते.

शाळा द्विशिक्षकी, हिच्याकडे पहिली-दुसरी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिने जोडाक्षरांच्या वर्कशीट्सचा ४८ पानी संच केला, चित्रं बरीचशी हाताने काढून मोबाईलने स्कॅन केली, पीडीएफ केली आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. चाळीसेक अंगठे आले, विषय संपला. दोन वर्षांनी तोच संच दुसऱ्या तालुक्यातल्या एका सरांच्या नावाने फिरत फिरत हिच्याच मोबाईलवर आला. पहिल्या पानावर सरांचा फोटो, खाली ‘निर्मिती व संकलन’, मोबाईल नंबर, आणि त्याच संचावर सरांचा तंत्रस्नेही शिक्षक म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कारसुद्धा झालेला. संच आपलाच कशावरून, तर हिच्या हातून पान १७ वर ‘पुस्तक’च्या जागी ‘पुस्कत’ पडलं होतं, आणि ते ‘पुस्कत’ तिथे तसंच्या तसं बसलेलं! मिस्टर म्हणतात, पासवर्ड टाक आणि पन्नास-पन्नास रुपयांना विक. सहशिक्षिका म्हणते, केंद्रप्रमुखांकडे तक्रार कर. आणि ही स्वतः म्हणते की आता काहीच शेअर करायचं नाही, आपल्या वर्गापुरतं करायचं आणि कपाटात ठेवायचं. शेवटी ताजा कलम आहे, तो मात्र मी दोनदा वाचला: ‘तशी संचातली काही चित्रं गुगलवरून घेतली आहेत आणि दोन कविता पाठ्यपुस्तकातल्या आहेत, ते चालतं ना?’

अगं, आधी एक सांगते, तुझा राग खरा आहे. ‘साहित्य मुलांपर्यंत पोचलं ना, मग नाव कुणाचं का असेना’ असं तुला लोक सांगतील, आणि गंमत म्हणजे असं सांगणाऱ्यांचं स्वतःचं नाव कधी गेलेलं नसतं. रात्री जागून, मुलं झोपल्यावर, एका हाताने स्वयंपाकघर आवरत केलेलं काम आहे ते. नाव हवंसं वाटणं यात काहीही हलकं नाही. आणि कायदाही तुझ्याच बाजूने बोलतो, १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा आहे, त्यात तू वस्तू तयार केलीस की त्याच क्षणी हक्क उभा राहतो, नोंदणी करावीच लागते असं नाही, आणि कलम ५७ तर असं आहे की हक्क दुसऱ्याला विकून टाकला तरी ‘हे मी केलंय’ म्हणायचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. (एक बारीक गाठ आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे नोकरी देणारा धरतात. तू घरी स्वतःहून केलंस म्हणजे ते कुठे बसतं यावर वकील दोन दिवस भांडतील, आपण त्यात नको पडूया.)

पण मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काय टोचलं माहितीये? सत्कार नाही. ते ‘पुस्कत’. दोन वर्षं! दोन वर्षं तो संच तालुक्या-तालुक्यातून फिरला, किती वर्गांत झेरॉक्स निघाल्या असतील, किती पोरांनी ‘पुस्कत’वर बोट ठेवून वाचलं असेल, आणि एकाही बाईने, एकाही सरांनी ते दुरुस्त केलं नाही. दिसलं नसेल असं मला वाटत नाही. दिसलं असेल ना, पण दुरुस्त करणार कसं, पीडीएफ आहे. लाल पेनाने झेरॉक्सवर केलं असेल कुणी, ते त्या वर्गात राहिलं. म्हणजे बघ, तू संच दिलास पण बंद डबा दिलास. त्या सरांना त्यात एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, पहिलं पान बदलायचं, आणि नेमकी तेवढीच त्यांनी केली.

मी हे त्यांची बाजू घेऊन म्हणत नाहीये. पण माझंही एक सांगते, म्हणजे तुला कळेल की नाव कसं गळतं. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला ना २०१५ ला, तेव्हा सगळीकडे तंत्रस्नेहीची लाट होती, आणि माझ्याकडे कुठूनतरी वर्णनात्मक नोंदींची, म्हणजे मुलांच्या प्रगतीबद्दल लिहायच्या वाक्यांची, एक वर्ड फाईल आली, प्रत्येक विषयाच्या दोन-दोनशे नोंदी, फार सुरेख केलेली. मी ती आमच्या केंद्रात वाटली, ‘माझ्याकडे आहे, घ्या’ म्हणून वाटली, पुढे लोक तिला माझीच फाईल म्हणायला लागले आणि मी नाही म्हणाले नाही. हो, नाही म्हणाले नाही. मग एका प्रशिक्षणात जेवणाच्या रांगेत एक बाई भेटल्या, बोलता बोलता म्हणाल्या की त्या नोंदी मी आणि माझ्या बहिणीने मे महिन्यात बसून लिहिल्या होत्या. ताटातली भाजी घशाखाली उतरेना मला. माझ्यापर्यंत येतानाच कुणीतरी नाव उडवलं होतं, मी चोरलं नव्हतं, पण शोधलंही नव्हतं. तेव्हा त्या सरांकडे संच तुझ्या नावासकट पोचला की बिननावाचा, हे आधी माहीत करून घे. तू नाव कुठे टाकलं होतंस ते पत्रात लिहिलंच नाहीयेस, म्हणून विचारते. फक्त पहिल्या पानावर असेल तर ते पान काढायला पाच सेकंद लागतात.

आता सरांचं काय करायचं ते सांगते. ग्रुपवर भांडण नको. ग्रुपवरचं भांडण म्हणजे गावच्या चावडीवरचं भांडण, मुद्दा राहतो बाजूला आणि लोक स्क्रीनशॉट काढत बसतात. सरांना फोन कर, नंबर त्यांनीच छापलाय. शांतपणे सांग की सर, तुम्ही वापरता तो जोडाक्षरांचा संच माझा आहे, जून २०२० चा, मूळ फाईल आणि ग्रुपवरचा मेसेज माझ्याकडे आहे, त्यात पान १७ वर चूक राहिलीय, दुरुस्त प्रत पाठवते, ती नावासकट फिरवाल का. दहातले आठ लोक इथेच ओशाळतात आणि हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर मग तूच ग्रुपवर एक साधा मेसेज टाक, कुणाचंही नाव न घेता: ‘जून २०२० मध्ये मी जो जोडाक्षर संच दिला होता त्यात पान १७ वर माझ्याकडून चूक झाली होती, क्षमस्व, सुधारित संच सोबत जोडत आहे.’ बास. आपली चूक इतक्या नेमकेपणाने तीच सांगू शकते जिने ती केलीय, आणि ज्यांच्या मोबाईलमध्ये सरांचा फोटोवाला संच आहे ते सगळे आधी पान १७ उघडून बघणार म्हणजे बघणार. केंद्रप्रमुखांकडे जायचं ते त्याच्याही नंतर, आणि तेव्हासुद्धा तक्रार म्हणून नको. पुढच्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं मागून घे, ‘साहित्य देताना-घेताना नाव कसं द्यायचं’ हा विषय ठेव. सगळ्यांच्याच जखमेवरचा विषय आहे, बघ कसे बोलतात लोक.

मिस्टरांचं पासवर्डचं म्हणणं. त्यांना म्हणावं प्रेमापोटी म्हणताय ते कळतं, पण पीडीएफचा पासवर्ड हा जत्रेतल्या कुलुपासारखा असतो, ज्याला उघडायचं त्याला उघडतो आणि अडतो फक्त बिचारा साधा माणूस. आणि समजा कुणालाच उघडला नाही, तरी स्क्रीनशॉट आहेच की. विकायचं म्हणशील तर तुझी मेहनत, विकण्यात पाप नाही, पण तू जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहेस, वर्तणूक नियम आहेत, परवानगीशिवाय असा धंदा अंगाशी येऊ शकतो. शिवाय ज्या संचात दुसऱ्याची चित्रं आणि बालभारतीच्या कविता आहेत तो तू विकणार कुठल्या तोंडाने?

तर ये आता ताज्या कलमावर, कारण खरं पत्र तिथेच आहे.

बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघड, सुरुवातीच्याच पानांत छापलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग उद्धृत करता येणार नाही. आपण तीस-तीस वर्षं ती पुस्तकं हाताळतो आणि ते पान वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. मग वर्गात फळ्यावर कविता लिहिली तर गुन्हा का? नाही गं. त्याच कायद्यात कलम ५२ आहे, त्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल चालते असं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ ला खटला टाकला होता, दुकानदार पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून पोरांना देतो म्हणून, आणि २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने शिकवण्यासाठीचा तो वापर चालतो असाच निकाल दिला. पण तुझ्या वर्गातल्या २३ पोरांसाठी झेरॉक्स काढणं वेगळं आणि ‘माझा संच’ म्हणून तीच कविता नेटवर कायमची सोडून देणं वेगळं. वर्गाचं दार ओलांडलं की नियम बदलतो एवढं डोक्यात ठेव. कविता काढून टाक, त्या जागी ‘पाठ्यपुस्तकातली अमुक कविता वाचा आणि जोडाक्षरांना गोल करा’ एवढी सूचना लिही, पुस्तक पोरांच्या दप्तरात आहेच की!

आणि ‘गुगलवरून घेतली’ हे तर मला नेहमी गमतीचं वाटतं. गुगल काही चित्रं काढत नाही. ‘बाजारातून आणलं’ म्हणण्यासारखं आहे ते, कुठल्या दुकानातून आणलं, पैसे दिले का, ते नाहीच सांगितलं. तुझ्या ४८ पानांत जिने-जिने ती ससा-कासवाची चित्रं काढलीत ती कुठेतरी बसून तुझ्यासारखंच पत्र लिहित असेल. लागलं ना? मलाही जेवणाच्या रांगेत असंच लागलं होतं.

मग चित्रं आणायची कुठून. तू हाताने काढतेस हे तर सोनं आहे, तीच वाढव. बाकी विकिमीडिया कॉमन्स आहे, तिथली चित्रं-फोटो मुक्त असतात, प्रत्येकाखाली कर्त्याचं नाव आणि परवाना दिलेला असतो. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून, तिथे मराठी गोष्टी आहेत, चित्रांचा वेगळा साठा आहे, आणि तिथली गोष्ट तू घेऊन भाषांतर करू शकतेस, पोरांच्या पातळीप्रमाणे सोपी करू शकतेस, पुन्हा तिथेच टाकू शकतेस, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव शेवटच्या पानावर आपोआप येतं. आणि गुगलवरच शोधायचं असेल तर इमेजेसमध्ये टूल्स म्हणून आहे, त्यात वापराच्या हक्कांचा पर्याय आहे, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडायचं, मग दिसतात ती परवानावाली चित्रं. तरी मूळ पान उघडून बघायचंच. मुलांनी काढलेली चित्रं घेणार असशील तर पालकांना विचार, आणि कृपा करून पोरांचे चेहरे, पूर्ण नावं टाकू नकोस, ते वाचनाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचं खूळ आलंय ना सगळीकडे, पोरगं अडखळतंय आणि गाव बघतंय, मला अजिबात पटत नाही ते.

क्रिएटिव्ह कॉमन्स हा शब्द वर आला, तो जरा नीट सांगते कारण तुझा सगळा प्रश्न त्याच्याशी येऊन थांबतो. हे परवाने पहिल्यांदा आले २००२ ला. कल्पना अशी की हक्क सोडायचा नाही, हक्क ठेवून आधीच सगळ्यांना परवानगी लिहून द्यायची, म्हणजे कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. सगळ्यात साधा सीसी बाय, म्हणजे घ्या, बदला, वाटा, विका सुद्धा, फक्त माझं नाव द्या. त्याला एसए जोडलं की आणखी एक अट येते, बदलून पुढे दिलंत तर तुम्हीही ह्याच अटीवर द्यायचं. हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही खरं तर, शेजारच्या वहिनीकडून वाटीत विरजण आणलं की वाटी रिकामी परत करायची नाही, चार चिवड्याचे दाणे तरी घालायचे, तसं. एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, आणि एनडी म्हणजे बदलून वाटायचं नाही.

तुला आत्ता या रागात एनडी लावावंसं वाटेल, ‘हात लावू नका’वालं. लावू नकोस. एनडी लावलंस की पुन्हा तेच ‘पुस्कत’, दुरुस्त करून पुढे द्यायची परवानगीच नाही. आणि जोडाक्षरांचा संच जिथे जाईल तिथे बदलावाच लागतो गं. तू ‘पेरू’चं चित्र काढलं असशील, नांदेडकडचं पोरगं त्याला जाम म्हणतं, नागपूरकडे बटाट्याचं चित्र दाखवलं तर आलू ऐकायला मिळतं. मेळघाटात कोरकू बोलणारी मुलं, नंदुरबारला भिली-पावरी बोलणारी, तिथल्या बाईंना तुझ्या शब्दांशेजारी मुलांच्या भाषेतला शब्द टाकायचा असेल. माझी भाची अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, तिला तुझं ‘उखळ’ कळेल पण तिच्या पोरांना नाही कळणार, ती तिथे ‘मिक्सर’ टाकेल, त्यात जोडाक्षरसुद्धा आहे बघ आयतं. हे सगळं करायची मुभा नसेल तर शेअर करून उपयोग काय. दीक्षा या सरकारी पोर्टलवर, स्टोरीवीव्हरवर असं बदलता येणाऱ्या परवान्याचं साहित्य असतं ते उगीच नाही. युनेस्कोने २०१९ ला मुक्त शैक्षणिक साहित्याबद्दल सगळ्या देशांना जी शिफारस केली त्यातही हेच आहे, नुसतं फुकट मिळणं म्हणजे मुक्त नाही, बदलता आलं पाहिजे.

एनसीबद्दल माझं मत थोडं डळमळीत आहे, प्रामाणिकपणे सांगते. आपला संच घेऊन कुणी क्लासवाला फी लावून शिकवतोय हे बघवत नाही हे कळतं. पण तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याने संच छापून, बांधून, चाळीस रुपयांना शिक्षकांना दिला तर तो धंदा की सोय? एनसी लावलंस तर तो भला माणूसही घाबरेल. मी असते तर बाय-एसए लावला असता. एक मात्र आधीच सांगते, हा परवाना एकदा दिला की ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही, उद्या मन बदललं तरी. तेव्हा रागात नको लावू आणि उमाळ्यातही नको, दोन दिवस जाऊ दे मध्ये.

लावायचा कसा, तर अर्ज-बिर्ज काही नाही. प्रत्येक पानाच्या तळाला, प्रत्येक पानाच्या हं, बारीक अक्षरात एक ओळ: ‘जोडाक्षर संच, तुझं नाव, २०२०, सुधारित अमुक साल, परवाना सीसी बाय-एसए ४.०, बदल केल्यास काय बदललं ते लिहावे, मूळ फाईल इथे’ आणि पुढे लिंक. आडवं-तिडवं मोठं वॉटरमार्क नको, पानाच्या मधोमध आपलं नाव तिरकं फिरवलेलं असतं ना, त्याखाली पोराला ‘स्व’ दिसतो की ‘ख’ ते कळत नाही, आणि असलं नाव काढायला लोकांना उलट जास्त चेव येतो. तळाच्या ओळीने चोर थांबेल का? नाही थांबणार. पण चांगला माणूस, जो आळसाने नाव गाळतो, माझ्यासारखा, तो थांबेल, आणि गाळणारे बहुतेक हेच असतात.

दुसऱ्याचं घेताना पण हेच, चार गोष्टी लिहायच्या, वस्तूचं नाव, कर्ता, कुठून घेतलं आणि परवाना. शेवटच्या पानावर चित्रांची अशी यादी दे.

आता मूळ फाईल, म्हणजे उघडता-बदलता येणारी. पीडीएफ दे, झेरॉक्सला तीच बरी, पण शेजारी वर्ड किंवा स्लाइड्सची फाईलही दे. आणि युनिकोडमध्ये दे गं बाई, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसतं. मी २००४ ते २००९ मध्ये केलेलं सगळं, चाचण्या, गोष्टी, भाषेचे खेळ, सगळं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये आहे, सीडीवर आहे, आणि आज उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. पाच वर्षांचं काम आहे ते. फॉन्ट म्हणशील तर मुक्ता, बालू हे आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे आहेत, फुकट आहेत, मुक्त परवान्याचे आहेत. फक्त ‘ल’ आणि ‘श’ बघून घे, कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा दांडीचा ‘ल’ येतो, आणि पहिलीतलं पोर पुस्तकात पाकळीचा ‘ल’ बघून आलेलं असतं, ते विचारतं बाई हे काय आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पान फोटो म्हणून टाकू नकोस, तो दाबून लहान करतो आणि झेरॉक्सला काळे ढग येतात, डॉक्युमेंट म्हणून टाक. गुगल डॉक्स किंवा स्लाइड्सवर ठेवलंस तर कुणालाही एडिटचा हक्क देऊ नकोस, आमच्या एका ग्रुपमध्ये दिला होता, सकाळी उठून बघतो तर नियोजनाच्या फाईलमध्ये कुणाच्यातरी नातवाने ‘आआआआ’ पाच पानं टाईप केलेलं. त्यापेक्षा सगळ्यांना फक्त बघायचा हक्क दे आणि लिंकच्या शेवटी एडिट असं जे लिहिलेलं असतं ते खोडून तिथे कॉपी असं लिही (अर्थात इंग्रजीत), मग उघडणाऱ्याला थेट विचारतो की तुमची प्रत करू का. तुझी फाईल शाबूत आणि त्याची त्याला.

रंग टाळ. तुझ्या पत्रासोबतची दोन पानं बघितली, गडद निळी बॉर्डर आणि मागे फुगे! मोबाईलवर छान दिसतं पण शाळेतला प्रिंटर काळा-पांढरा, टोनर संपला की तीन महिने पत्र जात-येत राहतं, आणि झेरॉक्सचे पैसे बाईंच्या पर्समधून. पांढरा कागद, काळी रेघ, एका ए-फोर पानावर दोन वर्कशीट्स, कापता येतील अशी. हे मी सांगितलेल्या सगळ्या परवान्या-बिरवान्यांपेक्षा जास्त कामाचं आहे बहुतेक.

शेअरच करायचं नाही, कपाटात ठेवायचं, हे जे म्हणतेस ना, त्यावर उपदेश नाही करत. दोन माणसं फक्त आठवून बघ. पुण्याचे अरविंद गुप्ता, काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी करणारे, सगळी पुस्तकं, सगळे व्हिडिओ वर्षानुवर्षं वेबसाइटवर फुकट ठेवलेत, आणि कुठल्याही शाळेत काड्यांचा पिरॅमिड दिसला की लोक त्यांचंच नाव घेतात. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले, पुस्तकातले क्यूआर कोड एका छोट्या झेडपी शाळेत सुरू झाले आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले, कारण ती गोष्ट दुसऱ्याला उचलून नेता येण्यासारखी होती. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ जणांना वाटून दिली, ते मात्र तू करायला पाहिजेस असं काही नाही, मीही केलं नसतं.

आणि लॉकडाऊनमध्ये तुला तरी कल्पना कुठून आली होती, सांग? ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’च्या लिंका रोज सकाळी यायच्या, त्या बघूनच वाटलं ना की आपणही काहीतरी करावं? पत्रात तूच लिहिलंयस ते, दुसऱ्या पानावर.

तर मे महिना पुढ्यात आहे. ४८ च्या ४८ नको करूस, कंटाळशील. आधी दहा पानं घे, गुगलची चित्रं काढून तुझी घाल, कविता काढ, फुगे काढ, तळाला ओळ टाक, आणि फाईल केंद्रातल्या दोघी-तिघींना आधी दे, चुका शोधायला. त्यांनी शोधलेल्या चुकांसाठी त्यांची नावं शेवटच्या पानावर टाक, ‘तपासणी साहाय्य’ म्हणून. त्या सरांनाही दे, फोन नीट झाला तर. जमलं तर त्यांचं नाव तिथे यादीत येऊ दे, त्यांना आवडेल, तुला थोडं जड जाईल.

आणि पान १७ दुरुस्त झालं की मला पाठव. माझा नातू दुसरीत आहे, ‘पुस्तक’ वाचतो बरोबर पण लिहिताना ‘पुसतक’ लिहितो, त्याच्यासाठी हवंय. नावासकट प्रिंट काढीन.